मंडळीतले तट, अबोले आणि समेट : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे मंडळीतील भांडणांविषयी आहेत, म्हणून बाप्तिस्म्याच्या तयारीविषयीचे आणि शब्बाथ शाळेविषयीचे प्रश्न पुढील अंकासाठी राखून ठेवले आहेत. पत्रलेखकांची व मंडळ्यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. आपल्या मंडळ्या लहान आहेत आणि गावाचे नाव छापले की वाचणाऱ्याला घर ओळखता येते. पत्रेही थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : पाळकसाहेब, ख्रिस्ती सलाम. पास्टोरेट कमिटीच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, गेल्या निवडणुकीपासून आमच्या मंडळीत दोन तट पडले आहेत. दोन्हीकडे जुनी, मंडळीसाठी झिजलेली कुटुंबे आहेत. उपासनेला सगळे येतात, पण एक गट उजवीकडच्या बाकांवर बसतो आणि दुसरा डावीकडच्या. दारात सलामही होत नाही. काही जण प्रभुभोजनाच्या रविवारी घरीच राहतात. आमच्या पाळकांनी ऐक्यावर लागोपाठ उपदेश दिले, पण तो उपदेश दुसऱ्या गटासाठी होता असे प्रत्येकाला वाटते. मी कोणत्याच गटात नाही. मी काय करावे? — एक वडील (मंडळीचे ज्येष्ठ पुढारी), अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्हा

उत्तर : बंधू, व्यासपीठावरच्या उपदेशाने दोन घरांमधला अबोला सुटल्याचे क्वचितच दिसते, आणि त्याचे कारण तुम्हीच लिहिले आहे : सर्वांना उद्देशून बोललेला शब्द प्रत्येकाला शेजाऱ्यासाठी आहे असे वाटते. प्रभूने समेटाचा जो मार्ग घालून दिला त्याची सुरुवात एका माणसाने दुसऱ्याच्या घरी जाण्यापासून होते. मत्तयाच्या १८ व्या अध्यायात (वचने १५ ते १७) तो क्रम स्पष्ट आहे. ज्याने अपराध केला त्याच्याकडे जाऊन, दोघेच असताना, त्याला त्याची चूक सांगावी. त्याने ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर न्यावे. तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांगावे. आपण बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा चालवतो. अगोदर मंडळीला सांगतो, म्हणजे महिला मंडळाच्या सभेनंतर, लग्नाच्या मांडवात आणि फोनवर सांगतो. मग आपल्या बाजूचे साक्षीदार गोळा करतो. आणि ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे त्याच्याशी सर्वांत शेवटी बोलतो, किंवा बोलतच नाही. मतभेद असणे हे मंडळीच्या जिवंतपणाला धरूनच आहे. तो चुकीच्या माणसाच्या कानी घातला म्हणजे फूट पडते, अशी माझी खात्री आहे.

त्या वचनांच्या मागेपुढे काय आहे तेही पाहावे. त्यांच्या आधी हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे, आणि त्यांच्यानंतर लगेच पेत्र विचारतो की भावाला कितीदा क्षमा करावी, सात वेळा काय, आणि प्रभू त्याला सात वेळा नव्हे तर साताच्या सत्तर पट असे उत्तर देतो. हरवलेल्याला शोधणे आणि मोजमाप न ठेवता क्षमा करणे या दोहोंच्या मध्ये ही वचने ठेवलेली आहेत, आणि पहिल्याच वचनात हेतू सांगितला आहे : भाऊ मिळवणे. ज्या कमिट्या पहिली नोटीस आणि दुसरी नोटीस अशा दोन पायऱ्या कागदावर उरकून तिसऱ्या पायरीवर सभासदत्व रद्द करतात, त्यांनी या अध्यायाचा आधार सांगू नये.

दुसरे वचन मत्तय ५ : २३ व २४ हे आहे. वेदीजवळ दान आणलेल्या माणसाला तेथे आठवते की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे. त्याने दान तेथेच ठेवून आधी भावाशी समेट करायला जावे. येथे दुखावलेला माणूस दुसरा आहे, आणि तरी पाऊल उचलायचे ते याने. १८ व्या अध्यायात दुखावलेल्याने जायचे आहे, ५ व्या अध्यायात ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याने जायचे आहे. दोन्ही अध्याय एकत्र वाचले म्हणजे ‘आधी त्यांनी यावे’ या वाक्याला आपल्या धर्मात जागा उरत नाही.

आता तुमच्याविषयी. फिलिप्पै येथील मंडळीत युवदीया आणि सुंतुखे या दोघींमध्ये मतभेद झाला होता. दोघींनी पौलाबरोबर सुवार्तेसाठी श्रम केले होते, म्हणजे आजच्या भाषेत दोघीही मंडळीच्या आधारस्तंभ होत्या. पौल (फिलिप्पै. ४ : २, ३) चूक कोणाची ते सांगत नाही, भांडणाचे कारणही लिहीत नाही. तो दोघींना एकत्र एक आज्ञा न देता प्रत्येकीचे नाव घेऊन प्रत्येकीला वेगळी विनंती करतो, आणि मग एका तिसऱ्या माणसाला, आपल्या विश्वासू सोबत्याला, या दोघींना साहाय्य कर असे सांगतो. ते पत्र मंडळीत मोठ्याने वाचले जात असताना दोघीही तेथे बसलेल्या असणार, आणि त्यांची नावे जीवनाच्या पुस्तकात आहेत असे ऐकत असणार. तुमची जागा त्या तिसऱ्या माणसाची आहे. दोन्ही कुटुंबांतील ज्या दोन व्यक्तींपासून हा ताण सुरू झाला त्यांच्याकडे वेगवेगळे जा. गटाकडे जाऊ नका, कारण गटासमोर माणूस माघार घेऊ शकत नाही. एकाने सांगितलेले दुसऱ्याकडे नेऊ नका. प्रत्येकाला एवढेच विचारा की निवडणुकीत नेमके कोणते कृत्य तुम्हांला लागले, आणि ते तुम्ही त्यांना स्वतः सांगितले आहे काय. नीतिसूत्रे १८ : १७ मध्ये म्हटले आहे की पहिल्याने आपली बाजू मांडली की ती खरी वाटते, मग दुसरा येतो आणि ती तपासली जाते, मध्यस्थाने हे वचन दोन्ही घरांची पायरी चढताना मनात ठेवावे.

जे प्रभुभोजनाच्या रविवारी घरी राहतात ते बहुधा प्रामाणिकपणे तसे करतात. मनात राग ठेवून मेजाजवळ जाणे त्यांना पाप वाटते. परंतु करिंथकरांस पहिल्या पत्रात (११ : २८) माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी व प्याल्यातून प्यावे असे आहे; परीक्षा करून घरी बसावे असे नाही. प्रभुभोजनाचा रविवार ही समेटाची मुदत मानावी. पूर्वी पुष्कळ मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या आधी तयारीची सभा भरत असे. ती तुमच्या मंडळीत बंद पडली असेल तर पुन्हा सुरू करण्याचा आग्रह धरा, आणि त्या आठवड्यात पाळकांनी घरभेटी ठेवाव्यात.

पुढच्या निवडणुकीपुरते काही सांगतो, कारण अर्धी भांडणे नियमांच्या ढिलाईतून येतात. मतदारयादी पुरेशा दिवस आधी उपासनेनंतर वाचून दाखवावी आणि हरकतींना मुदत द्यावी. निवडणूक अधिकारी दुसऱ्या पास्टोरेटमधला असावा. मतदान गुप्त असावे. मतमोजणी दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर व्हावी. आणि एका व्यक्तीने सलग किती मुदती पद धरावे याला मर्यादा असावी. योहानाच्या तिसऱ्या पत्रातील दियत्रफेस हा पहिले स्थान आवडणारा माणूस होता, आणि त्याने प्रेषिताच्या माणसांनाही मंडळीत येऊ दिले नाही. पहिल्याच शतकात जी प्रवृत्ती दिसली तिच्यासाठी नियम करण्यात कोणाचा अपमान नाही.

प्रश्न : मंडळीच्या बांधकाम फंडाचा हिशेब मिळत नाही, असा मजकूर एका तरुणाने मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खजिनदार वयस्कर आणि प्रामाणिक आहेत. ते फार दुखावले आणि त्यांनी राजीनामा दिला. आता तरुण म्हणतात, आम्ही फक्त प्रश्न विचारला. वडील म्हणतात, ही बदनामी आहे. चूक कोणाची? — एक सभासद, मुंबई

उत्तर : त्या तरुणाने मार्ग चुकवला आणि कमिटीने तो मार्ग उघडाच ठेवलेला नव्हता, म्हणून दोष एकाच्या पदरी घालता येत नाही.

त्या तरुणाने खजिनदारांना घरी जाऊन, किंवा लेखी पत्र देऊन, आधी विचारायला हवे होते. ग्रुपवर लिहिलेल्या वाक्याला आवाज नसतो. वाचणारा त्यात आपल्या मनातला सूर भरतो, आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याला उत्तर द्यायला उभे राहण्याआधीच बाकीच्यांचे मत ठरून जाते. मंडळीच्या ग्रुपवर उपासनेच्या वेळा, आजाऱ्यांसाठी प्रार्थनेच्या विनंत्या आणि सभेच्या सूचना एवढेच असावे, हा नियम कमिटीने ठराव करून लिहून ठेवावा, आणि तो ग्रुपच्या सर्व चालकांनी सारखाच पाळावा. १ तीमथ्य ५ : १९ मध्ये वडिलांवरील आरोप दोघातिघा साक्षीदारांवाचून दाखल करून घेऊ नये असे आहे, तो नियम वडिलांना झाकण्यासाठी नाही, कारण पुढच्याच वचनात पाप करणाऱ्यांना सर्वांसमोर दोष द्यावा असे सांगितले आहे.

पण प्रश्न विचारणे हे बंड नव्हे, हे वडिलांनी समजून घ्यावे. यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत पहिली जाहीर तक्रार वाटपाविषयीच होती (प्रेषितांची कृत्ये ६ : १ ते ७). ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूदी विश्वासणाऱ्यांची कुरकुर अशी होती की रोजच्या वाटणीत आपल्या विधवांची उपेक्षा होते. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना अविश्वासू म्हटले नाही, आणि आमच्यावर संशय घेता काय असेही विचारले नाही. त्यांनी मंडळी बोलावली, सात माणसे निवडायला सांगितली आणि ते काम त्यांच्या हाती दिले. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव : सातही नावे ग्रीक आहेत. ज्या बाजूची तक्रार होती त्याच बाजूच्या माणसांवर वाटप सोपवले गेले असे यावरून दिसते, आणि त्यानंतर देवाच्या वचनाचा प्रसार होत गेला असे लूक लिहितो. तुमच्या कमिटीने त्या तरुणांपैकी एकाला, तो जबाबदारी घेण्यास तयार असेल तर, हिशेबाच्या कामात घ्यावे, यापेक्षा चांगला उपाय मला सुचत नाही.

स्वतः पौलाची सावधगिरी २ करिंथकर ८ : १८ ते २१ मध्ये आहे. यरुशलेमेतील गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी नेताना त्याने मंडळ्यांनी नेमलेला एक बंधू बरोबर घेतला, आणि कारण उघड सांगितले : या मोठ्या देणगीच्या व्यवस्थेत आमच्यावर कोणी दोष लावू नये, आणि आमचे वागणे केवळ प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने योग्य असावे. पौलाला साक्षीदार बरोबर घ्यावासा वाटला, तर आपल्या खजिनदारांना त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. दानार्पण त्याच दिवशी, मंडळीतच, एकाच घरातल्या नसलेल्या दोघांनी मोजावे आणि वहीत दोघांच्या सह्या घ्याव्यात. बांधकाम फंडाचे खाते वेगळे असावे. सुगीच्या उपकारस्तुतीचे दान आणि विशेष देणग्या यांच्या पावत्या द्याव्यात. दर महिन्याची जमा आणि खर्च फळ्यावर लावावा. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या मंडळीला हिशेब तपासून घेऊन धर्मादाय कार्यालयाकडे सादर करावाच लागतो. जो कागद सरकारी कार्यालयात जातो तो मंडळीच्या वार्षिक सभेत वाचून दाखवायला संकोच कसला?

खजिनदारांचा राजीनामा मात्र तसाच पडू देऊ नका. त्या तरुणाने त्यांच्या घरी जाऊन मार्ग चुकल्याबद्दल क्षमा मागावी, आणि ज्या ग्रुपवर मजकूर लिहिला त्याच ग्रुपवर दोन ओळींत ते लिहावेही. उघड्यावर झालेल्या दुखापतीला चार भिंतींतली क्षमा पुरत नाही.

प्रश्न : तरुण संघाला उपासनेत कीबोर्ड, ड्रम आणि हिंदी गीते हवी आहेत, ज्येष्ठांना ‘उपासना संगीत’मधलीच गीते, पेटी आणि तबला हवा आहे. यावरून दर रविवारी रुसवेफुगवे होतात. — गायनमंडळाच्या एक भगिनी, नाशिक

उत्तर : ताई, रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायात पौलाने खाण्यापिण्याच्या व दिवस पाळण्याच्या मतभेदांविषयी जे लिहिले तेच येथे लागू आहे : खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये, आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. तुमच्याकडे तरुणांचा मोह तुच्छ लेखण्याचा आहे, ज्येष्ठांचा दोषी ठरवण्याचा.

एक गोष्ट दोघांनाही सांगावीशी वाटते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची जी भजने आज आपण जुना ठेवा म्हणून जपतो, ती त्यांच्या काळात नवीनच होती. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा आपल्या उपासनांत पाश्चात्त्य चालींच्या भाषांतरित गीतांचा मोठा भाग होता, आणि अभंगाच्या व भजनाच्या वळणाने प्रभूला गाणे ही त्यांनी व त्यांच्यासारख्यांनी दिलेली देणगी आहे. ज्या मंडळीने तेव्हा नवे गीत स्वीकारले तिने आजही ऐकून पाहावे. आणि ज्या तरुणांना ती भजने येत नाहीत त्यांनी ती आधी शिकावी. गीते निवडण्याचे काम एका छोट्या समितीकडे द्या, तिच्यात दोन्ही वयांची माणसे घ्या, आणि उपासनेच्या आदल्या शनिवारी यादी ठरवून टाका. रविवारी सकाळी पेटीभोवती चर्चा नको.

प्रश्न : आपण ख्रिस्तात सर्व एक आहोत असे प्रत्येक उपदेशात ऐकते. पण आमच्या मंडळीत कमिटीवर कोण येणार, कोणाच्या घरी कोण जेवणार आणि लग्नाचे स्थळ कोणाचे पाहणार, हे सारे पूर्वाश्रमीच्या जातीवर ठरते. मी हा विषय तरुण संघात काढला तेव्हा मला सांगण्यात आले की अशा बोलण्याने मंडळीचे ऐक्य बिघडते. — एक तरुणी, पुणे

उत्तर : ताई, तुमच्या बोलण्याने ऐक्य बिघडले नाही, जे आधीच बिघडलेले होते ते तुम्ही दाखवले. दुखावलेल्याने गप्प राहावे अशी अट ज्या शांतीला लागते, तिला नव्या करारात आधार नाही.

गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय (वचने ११ ते १४) पुन्हा वाचा. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. याकोबाकडून काही जण आल्यावर तो त्यांच्या भीतीने मागे सरला आणि वेगळा राहू लागला, आणि पौलाचा सहकारी बर्णबाही त्या ढोंगात ओढला गेला. पौलाने पेत्राला सर्वांसमोर, तोंडावर विरोध केला. मी वर एका पत्राला उत्तर देताना एकांतात बोलावे असे लिहिले, आणि येथे पौल एकांत शोधत नाही. कोणाला यात विसंगती दिसेल. पण पेत्राने एका भावाचा खाजगी अपराध केला नव्हता. त्याने प्रभूच्या मेजाची मर्यादा उघडपणे मोडली होती, आणि ज्यांच्याबरोबरचे जेवण त्याने सोडले ते सगळे हे पाहत होते. उघड अन्यायाला उघड उत्तर द्यावे लागते, आणि तेही नाव घेऊन, समोरासमोर, पाठीमागे नव्हे.

आपल्या मंडळ्या कशा उभ्या राहिल्या हेही ध्यानात घ्यावे. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर अहमदनगर आणि आसपासच्या गावांत कुटुंबेच्या कुटुंबे, काही ठिकाणी वस्त्याच्या वस्त्या ख्रिस्ती झाल्या. माणसे आपल्या भावकीसह आली, आणि भावकीबरोबर सोयरिकीचे जुने कुंपणही आले. एकेका गावात वेगवेगळ्या मिशनांची कामे वेगवेगळ्या वस्त्यांत सुरू झाली, त्यामुळे कित्येक ठिकाणी मिशनची सीमा आणि जातीची सीमा एकच होऊन बसली. हा इतिहास आहे; तो समजून घेतल्याने राग थोडा निवतो, पण आजच्या कमिटीला त्याची ढाल करता येणार नाही. आपल्याकडे स्थळाच्या चौकशीत ‘मूळचे कुठले’ हा प्रश्न कशासाठी विचारला जातो हे विचारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते.

आणखी एक बाजू आहे. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात ख्रिस्ती झालेल्या दलितांना स्थान नाही. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, आपले बांधव अजून बाहेर आहेत. धर्मांतरानंतरही जात माणसाचा पिच्छा सोडत नाही, असे आपण सरकारपुढे आणि न्यायालयापुढे सांगतो. तेच सत्य मंडळीच्या सभेत सांगणाऱ्या मुलीला मात्र गप्प बसवतो, हे मला फार लाजिरवाणे वाटते.

तुम्ही काय करू शकता? तरुण संघात याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय अभ्यासासाठी घ्या. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या वस्त्रांतल्या माणसाला पायाशी जागा देणाऱ्या मंडळीचे चित्र तेथे इतके स्पष्ट आहे की त्यावर कोणाला गटबाजीचा आरोप करता येणार नाही. मग शास्त्रवाचन कोण करते, प्रीतिभोजनाचा स्वयंपाक कोणाच्या हाती असतो आणि कमिटीवर आजवर कोणती घरे कधीच आली नाहीत, हे पाळकांसमोर शांतपणे ठेवा. एकट्याने जाऊ नका. आणि पाळकांना माझी विनंती आहे की विवाहापूर्वीच्या मार्गदर्शनात हा विषय वधूवरांबरोबर त्यांच्या आईवडिलांसमोरही काढावा.

प्रश्न : आमच्या ट्रस्टच्या वादात दोन्ही बाजूंनी धर्मादाय कार्यालयात वेगवेगळे अर्ज केले आहेत आणि आता दिवाणी न्यायालयाची भाषा चालली आहे. ख्रिस्ती माणसाने कोर्टात जाणे पाप आहे काय? — एक विश्वस्त, मराठवाडा

उत्तर : करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल विचारतो की भावाभावांमधला निवाडा करील असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही काय, आणि पुढे म्हणतो की त्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसत नाही, नुकसान का सोसत नाही. हे वचन मऊ करून सांगण्याचा मला अधिकार नाही. पण ते वाचताना विषय पाहावा : ते प्रकरण आपसांतल्या ऐहिक व्यवहारांचे, घेण्यादेण्याचे होते. विश्वस्त बदलल्यावर बदल अहवाल, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात, नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे देणे हे कायद्याने घातलेले काम आहे; त्याला कोर्टबाजी म्हणता येत नाही. कोर्टबाजी सुरू होते ती एकाच निवडणुकीचे दोन अहवाल दोन गट देतात तेव्हा.

त्याची किंमत काय असते हे आपल्या शेजारच्या राज्यात दिसले आहे. १९२९ मध्ये सुरू झालेली बोलणी पुरी होऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली. चाळीस वर्षे लागली, पण त्या धीराचे फळ असे की बालकांचा बाप्तिस्मा आणि विश्वास कबूल केल्यावरचा बाप्तिस्मा मानणाऱ्या परंपरांना एका मंडळीत राहता आले. दोन्ही रीतींना तिच्या घटनेने जागा दिली. मात्र त्या सहांपैकी एक असलेल्या ब्रदरन मंडळीच्या गुजरातेतील मालमत्तेविषयी त्या ऐक्यातून जो वाद निघाला तो २००५ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की केवळ ऐक्याच्या ठरावाने ट्रस्टची मालमत्ता नव्या मंडळीकडे जात नाही, त्यासाठी कायद्याची पद्धत पाळावी लागते. ऐक्याची उपासना झाली त्या दिवशी जन्मलेली मुले तोवर चाळिशी ओलांडून गेली होती. प्रेमाने घेतलेला निर्णयही कागदावर नीट उतरवावा लागतो, हे विश्वस्तांनी यातून घ्यावे.

तुमच्या प्रकरणात अजून वेळ आहे. दोन्ही बाजूंना मान्य असलेले, तुमच्या डायोसिसबाहेरचे (बिशपांच्या प्रांताबाहेरचे), कायदा जाणणारे तिघे ख्रिस्ती लोक निवडा, त्यांचा निर्णय मानू असे दोन्ही गटांनी लिहून द्या, आणि तोवर कोणत्याही बाजूने मंडळीच्या पैशातून वकिलाची फी देऊ नये.

एक गोष्ट मात्र या सर्वांतून वेगळी काढतो. मुलाबाळांशी गैरवर्तन, स्त्रियांवर अत्याचार, मारहाण अशा गोष्टी घडल्या असतील तर तेथे ‘आपसांत मिटवा’ असे सांगणे हे पाप आहे, आणि पीडित व्यक्तीला अपराध्याच्या भेटीला एकटे पाठवणे हा मत्तयाच्या १८ व्या अध्यायाचा घोर दुरुपयोग आहे. लहान मुलांच्या बाबतीत २०१२ च्या पोक्सो कायद्याने, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने, माहिती असलेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचे बंधन घातले आहे. पाळक आणि कमिटी त्यातून सुटत नाहीत. मंडळीची अब्रू झाकण्यासाठी मुलाला गप्प केले तर अब्रूही राहत नाही आणि मूलही.

प्रश्न : कमिटीशी न पटल्यामुळे एक चांगले कुटुंब आमची मंडळी सोडून दुसऱ्या मंडळीत गेले. आता त्यांच्याशी संबंध ठेवू नये असे काही जण म्हणतात. आम्ही कसे वागावे? — एक सेक्रेटरी, सोलापूर जिल्हा

उत्तर : पौल आणि बर्णबा यांच्यात मार्काला बरोबर न्यावे की नाही यावरून इतका तीव्र मतभेद झाला की ते एकमेकांपासून वेगळे झाले (प्रेषितांची कृत्ये १५ : ३९). लूकाने ही गोष्ट लपवली नाही. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला, पौल सीलाला घेऊन सूरिया व किलिकिया या प्रांतांतून गेला, आणि दोघांचेही काम थांबले नाही. पुढे करिंथकरांस लिहिताना (१ करिंथ. ९ : ६) पौल बर्णबाचे नाव आपल्या बरोबरीने, आदराने घेतो, आणि ज्या मार्कावरून हे घडले त्याच्याविषयी शेवटी तीमथ्याला लिहितो की त्याला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे (२ तीमथ्य ४ : ११). वेगळे होणे दुःखाचे आहे, पण त्याला शत्रुत्वाचे रूप द्यायचे की नाही हे मागे राहिलेल्यांच्याही हातात असते.

म्हणून त्या कुटुंबाचे सभासदत्वाचे पत्र अडवून ठेवू नका. त्यांनी मागितल्यापासून पहिल्याच कमिटी सभेत ते मंजूर करून, त्यांच्या सेवेबद्दल दोन ओळी लिहून पाठवा. पाळकांनी एकदा घरी जाऊन, काय घडले ते त्यांच्या तोंडून ऐकून घ्यावे, आणि त्यात कमिटीची चूक निघाली तर ती लेखी कबूल करावी. महिला मंडळातील भगिनींनी बाळंतपणाला, आजारपणाला पूर्वीसारखेच जावे. आणि दफनभूमीचा प्रश्न आजच सोडवून ठेवा. मंडळी सोडून गेलेल्यांच्या घरी मृत्यू झाला म्हणजे जागा द्यायची की नाही यावर फाटकाशी वाद होतो, आणि त्या दिवशी झालेली जखम पुढच्या पिढीपर्यंत जाते. ज्यांचे आईवडील तुमच्या दफनभूमीत आहेत त्यांना तेथे जागा मिळेल, त्यासाठी थकलेल्या वर्गणीची अट लावली जाणार नाही, आणि निर्णय पाळक एकटे त्याच तासाला देऊ शकतील, असा ठराव येत्या सभेत करा आणि त्याची प्रत त्या कुटुंबाला पाठवा.